अख्खी गोष्ट सांगतो, पण चार ओळी वाचता येत नाहीत : नाशिकमधल्या पालकांनी काय केलं?

गोदाई | सोमवार, रात्री ११.२०

नमस्कार. वाचते रोज, लिहितेय पहिल्यांदाच.

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत, मराठी माध्यम. राहायला इंदिरानगरला. आजी रात्री गोष्ट सांगते, ती तो दुसऱ्या दिवशी राक्षसाच्या आवाजासकट परत सांगतो. मागच्या महिन्यात मिक्सर खोलला होता, तेव्हा कुठला स्क्रू कुठे हे बाबांपेक्षा त्याच्या जास्त लक्षात होतं. पण पुस्तक उघडलं की हाताला घाम सुटतो. खरंच सुटतो. ज्या ओळीवर बोट असतं तिथे कागद ओला होतो.

काल शुद्धलेखनाची वही पाहिली. चिमणीचं 'चमिणी', दिवसाचं 'दविस', घराचं 'धर', भाताचा 'मात'. गणितात तेवीस सांगितले तर ३२, त्रेपन्न सांगितले तर ३५. खाली लाल शाईने शेरा : 'लक्ष नाही. प्रत्येक शब्द दहा वेळा लिहून आणणे.' ओपन डेला वर्गबाई म्हणाल्या, हुशार आहे पण आळशी आहे, मोबाईल बंद करा. मोबाईल आम्ही दिवाळीपासूनच बंद केलाय.

मैत्रीण म्हणते, तपासून घे, अध्ययन अक्षमता असेल. ह्यांचं म्हणणं, सर्टिफिकेट म्हणजे जन्माचा शिक्का. सासूबाई म्हणतात, त्याचे आजोबाही उशिराच वाचायला लागले.

आज झोपताना विचारत होता, "आई, ढ हे अक्षर मला वाचता येतं. मग मला ढ का म्हणतात?"

उत्तर सुचलं नाही. कुठे जावं, शाळेत सांगावं की नाही, कोणी या वाटेने गेलं असेल तर सांगा.


ओझरकर | सोमवार, रात्री ११.४५

आधी डोळे आणि कान तपासून घ्या, बाकी सगळं त्यानंतर. माझी भाची दुसरीत असताना 'हाक मारली तरी बघत नाही' म्हणून बोलणी खायची. वारंवार सर्दी होऊन कानात पाणी साठलं होतं, ऐकूच कमी येत होतं. वर्षभर पोरीने उगाच ऐकून घेतलं.


पाटीपेन्सिल | मंगळवार, दुपारी २.१०

गोदाईताई, मी नाशिकरोडला विशेष शिक्षिका आहे. सतरा वर्षं हेच काम करतेय. इथे बसून निदान करणार नाही, ते बरोबर होणार नाही. पण तुम्ही वहीतले शब्द जसेच्या तसे दिलेत, म्हणून थोडं बोलता येतंय. बहुतेक पालक 'खूप चुका करतो' एवढंच सांगतात. चूक कोणती, ते कोणी बघत नाही.

'चमिणी' हा शब्द त्याच्यासारखा लिहून बघा. चिमणी म्हणताना आधी च ऐकू येतो, त्याने च काढला. मग इ ऐकू येते, त्याने वेलांटी काढली. मग म. त्याने ऐकलं त्याच क्रमाने लिहिलं. आपल्या लिपीत पहिली वेलांटी उच्चारात अक्षराच्या मागून येते आणि कागदावर अक्षराच्या पुढे उभी राहते. बहुतेक मुलं ही उलटापालट दुसरीपर्यंत पचवतात, काहींची बैठक जमत नाही. 'दविस'चंही तेच. वेलांटी विसरलेला नाही तो. लक्ष नसतं तर वेलांटीच आली नसती.

आता तेवीस. आधी 'ते' ऐकू येतं म्हणजे तीन, मग वीस. त्याने आधी ३ लिहिला, मग २. त्रेपन्नाचंही तसंच. आपल्या मराठी संख्यांमध्ये एकक आधी बोलतात आणि दशक आधी लिहितात. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस तीन' असं वाचन आणलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मराठी भाषेचं काय होणार यावर सगळे बोलले. ज्या मुलांचा रोज ३२ आणि २३ मध्ये जीव जातो, त्यांच्याबद्दल फार कमी लोक बोलले. एकोणतीसला तर मुलं हमखास ३९ लिहितात, कारण शब्दात तीस ऐकू येतात.

घ-ध आणि भ-म हा मात्र डोळ्यांचा मामला. घ आणि म यांच्या डोक्यावरची रेघ सलग, ध आणि भ यांची तुटलेली. फरक तेवढाच. तो त्याला रंगाने दाखवा. तुटलेल्या जागी लाल ठिपका द्या.

आता मुख्य. दहा वेळा लिहिणं आजपासून बंद. चुकीचा शब्द दहा वेळा लिहिला की चूक दहा वेळा पक्की होते. त्याऐवजी ताटात रवा पसरा आणि तीनच शब्द बोटाने, मोठ्याने बोलत लिहायला लावा. दशकासाठी आगपेटीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबरबँड लावून ठेवा. तेवीस म्हटलं की दोन गठ्ठे आधी उचलायचे, मग सुट्या तीन. उचलल्यावरच लिहायचं. रोज पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नको. आणि विज्ञान, परिसर अभ्यास तुम्ही वाचून दाखवा. ती लबाडी नाही. वाचता येत नाही म्हणून त्याची माहितीची भूक का मारायची?


सिन्नरफाटा | मंगळवार, रात्री ९.०५

राग मानू नका. पण आमच्या वेळी हे काही नव्हतं. साठ पोरांचा वर्ग, छडी बसली की सगळे वाचायला लागायचे. आता प्रत्येक गोष्टीला नाव दिलंय आणि प्रत्येक नावाला फी आहे. माझ्या पुतण्याचे वर्षभरात थेरपीवर इतके पैसे गेले की वहिनीने बांगड्या मोडल्या. फरक काय पडला, विचाराल तर सांगता येत नाही. म्हणून भीती वाटते.


तपोवन_आजोबा | बुधवार, सकाळी ६.३०

सिन्नरफाटा, 'सगळे वाचायला लागायचे' हे खरं नाही हो. माझा धाकटा भाऊ तुमच्या त्याच साठ पोरांच्या वर्गात होता. रोज मार खायचा. सातवीनंतर शाळा सोडली. बोट असं चालायचं की बंद पडलेला पंप आवाजावरून ओळखून दुरुस्त करायचा, द्राक्षाच्या हंगामात लोक रात्री त्याला उठवायला यायचे. आणि बँकेत गेला की म्हणायचा, "चष्मा घरी राहिला, एवढी स्लिप भरून देता का?" त्याला चष्मा नव्हताच. चाळीस वर्षं तो चष्मा घरीच राहिला. भावजयीला लग्नानंतर अकरा वर्षांनी कळलं. मला, सख्ख्या भावाला, तो गेल्यावर तिच्याकडून कळलं.

छडीने तो एवढंच शिकला. लपवायला.

आणि आपल्या गावाबद्दल एक सांगतो. रजनीताई लिमये यांनी १९७७ साली इथे प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी. तेव्हा अशी मुलं पाहुणे आले की आतल्या खोलीत ठेवायचे, हे मी शेजारच्या घरात बघितलंय. कर्णबधिर मुलांसाठी माई लेले श्रवण विकास विद्यालय आहे, सातपूरला अंधांसाठीचं नॅब आहे. हे सगळं याच गावात उभं राहिलं, ते कोणीतरी आपलं मूल लपवायचं नाही असं ठरवलं म्हणून.


पाटीपेन्सिल | बुधवार, दुपारी १.५०

सिन्नरफाटा दादा, पैशाबद्दलची तुमची भीती रास्त आहे, ती मी टाळणार नाही. या क्षेत्रात आठ दिवसांचा कोर्स करून पाटी लावणारेही आहेत. विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट, पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ यांची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असावी लागते. तो नोंदणी क्रमांक मागा. मागितल्यावर जो चिडेल, त्याच्याकडे मूल देऊ नका. दुसरं, तीन महिन्यांचं उद्दिष्ट कागदावर लिहून घ्या. 'सुधारणा होईल' असं नको. 'पहिली वेलांटी असलेले वीस शब्द न अडखळता वाचेल' असं. मग पुतण्याला फरक पडला की नाही हे सांगता येईल.

सर्टिफिकेटबद्दल बऱ्याच जणांनी मेसेजमध्ये विचारलं. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच प्रकारच्या अक्षमता होत्या. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये त्या २१ झाल्या, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता (ऑटिझम) आली. त्याच कायद्यात परीक्षेला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलतींचा उल्लेख आहे. आपल्या राज्यात तर दहावीच्या सवलती १९९६ पासून मिळतात. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आधी देत नाहीत, कारण त्याआधी नुसता उशीर की अक्षमता हे नीट सांगता येत नाही. मग चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी, अठराव्या वर्षी पुन्हा. म्हणजे तुमचे मिस्टर म्हणतात तसा जन्माचा शिक्का अठराव्या वर्षाच्या आत तरी बसत नाही. तपासणीत आधी बुद्ध्यांक बघतात, तो ८५ च्या वर असेल तरच वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या होतात. हे वाक्य मिस्टरांना वाचून दाखवा. बुद्धी चांगली असल्याशिवाय हे प्रमाणपत्र मिळतच नाही.

बुद्ध्यांक ७० ते ८५ मधली मुलं मात्र दोन्हीकडून निसटतात. त्यांना ना हे प्रमाणपत्र, ना बौद्धिक अक्षमतेचं. माझ्याकडे निम्मी मुलं तशीच आहेत आणि त्यांच्या पालकांना काय सांगायचं हे मला अजूनही जड जातं.


कॉलेजरोड_आई | बुधवार, दुपारी ३.१५

एडीएचडीला (लक्ष टिकत नाही, सतत चुळबुळ) मिळतं का प्रमाणपत्र? मुलगी सातवीत आहे.


पाटीपेन्सिल | बुधवार, दुपारी ३.४०

२१ च्या यादीत एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. पण एडीएचडीबरोबर अध्ययन अक्षमताही बऱ्याच मुलांना असते, ती वेगळी तपासून घ्या. आणि शाळेत पुढच्या बाकावर बसवणं, मोठं काम तुकड्यांत देणं, मध्ये उठून फळा पुसू देणं, याला कुठल्याच कागदाची गरज नसते.


रहाड | बुधवार, रात्री १०.३०

थोडं वेगळं लिहितोय, चालेल ना. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, स्वमग्न. साडेतीन वर्षांची असताना कळलं. नाव मुद्दाम 'रहाड' घेतलंय, कारण रंगपंचमी हा माझा सण. लहानपणापासून मी रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, उड्या मारलेला माणूस. आणि माझ्या पोरीला नाशिक ढोल ऐकू आला की ती कान दाबून भिंतीला डोकं आपटायची. पहिली दोन वर्षं मला तिचा राग यायचा, हे इथे लिहून टाकतो. मला वाटायचं सवय करायला हवी. मिरवणुकीला खांद्यावर घेऊन गेलो होतो एकदा. तिने माझ्या मानेला चावा घेतला आणि घरी आल्यावर दोन दिवस बोलली नाही. तेव्हा तिला जेमतेम तीस शब्द येत होते, तेही गेले.

नंतर ओटीवाल्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) ताईंनी समजावलं. आपल्याला जो ढोल दुरून येतो तो तिला कानात खिळा ठोकल्यासारखा येतो. आता गणपतीच्या आधी आम्ही मंडळाकडे जाऊन वेळ विचारतो. तेवढा वेळ तिला घेऊन सोमेश्वरच्या पुढे नदीकाठी जाऊन बसतो. मंडळाची पोरं आता आपणहून फोन करतात, "दादा, आज साडेसातला सुरू करतोय."

शाळेचं म्हणाल तर तीन शाळांनी 'आमच्याकडे सोय नाही' म्हणून परत पाठवलं. चौथ्या शाळेत मी २०१६ च्या कायद्याची प्रत घेऊन गेलो. कलम १६, भेदभाव न करता प्रवेश द्यायचा. कलम ३१, चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण. भांडलो नाही, प्रत टेबलावर ठेवली आणि म्हणालो, सोय काय लागेल ते मी सांगतो. रिकाम्या भिंतीकडे तोंड असलेलं बाक, दिवसाचं चित्रांचं वेळापत्रक, आणि घंटा वाजायच्या आधी दोन मिनिटं तिला वर्गाबाहेर नेणं. खर्च शून्य. मुख्याध्यापक म्हणाले, एवढंच?

गोदाईताईंना हे लागू नाही, पण ज्यांच्या मुलांना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता आहे त्यांनी निरामय विमा जरूर काढा. राष्ट्रीय न्यासाची योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. आम्हाला चार वर्षं कोणी सांगितलं नव्हतं.


डोंगरशाळा | गुरुवार, सकाळी ७.५०

मी पेठ तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. एक चूक माझी सांगतो.

पहिलीत एक मुलगा होता. चित्र दाखवलं की गप्प. प्रश्न विचारला की खाली मान. तपासणीच्या फॉर्मवर मी त्याच्या नावापुढे 'बौद्धिक अक्षमता संशयित' अशी खूण केली. नंतर एकदा त्याची आजी तांदूळ घ्यायला शाळेत आली. तेच चित्र तिच्या हातात होतं, तिने त्याला घरच्या कोकणा बोलीत विचारलं. मुलगा बोलायला लागला आणि थांबेना. नांगर, बैल, पलीकडचं झाड कुठलं, त्याला फळ कधी येतं. मला त्यातलं निम्मं समजत नव्हतं. त्या क्षणी वर्गात न समजणारा मी होतो.

खूण खोडली. तेव्हापासून कुठल्याही मुलाचं नाव फॉर्मवर टाकण्याआधी मी त्याच्या घरच्या भाषेत त्याच्याशी कोणीतरी बोललंय का ते बघतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागातल्या शिक्षकांनी हे कराच.

उलटही होतं. दुसऱ्या एका मुलीला 'भाषा वेगळी आहे म्हणून' असं म्हणत आम्ही दोन वर्षं सोडून दिलं, तिला खरंच कमी ऐकू येत होतं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून येणाऱ्या विशेष शिक्षकांनी ते पकडलं. त्यांच्याकडे एवढ्या शाळा आहेत की आमच्याकडे ते महिन्यातून एकदाच पोचतात. त्या एका दिवसाची मी यादी करून ठेवतो.


अंबड_सीएनसी | गुरुवार, रात्री ११.५५

काकू, मी तुमच्या मुलासारखाच. आता चोवीस वर्षांचा आहे. अंबडला सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) काम करतो. हे मी फोनला बोलून लिहून घेतोय, चुका असतील तर माफ करा.

मला आठवीत सर्टिफिकेट मिळालं आणि मी दहावीपर्यंत एकाही मित्राला सांगितलं नाही. ती माझी चूक. कारण रायटर (लेखनिक) मिळणार हे कळलं तरी मी कधी सराव केला नाही, सरावाला बसलो तर कोणी बघेल म्हणून. रायटर घेणं वाटतं तेवढं सोपं नाही. माझा रायटर नववीतला मुलगा होता. त्याला वाक्य सांगावं लागतं, 'पूर्णविराम', 'नवीन परिच्छेद' सांगावं लागतं, आकृतीत रेघ कुठून कुठे ते बोलावं लागतं. मनात उत्तर असतं ते एका वेगाने बाहेर काढावं लागतं. तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, ती मला पूर्वपरीक्षेत सुद्धा कमी पडली. मग आईने जानेवारीभर रोज स्वतः रायटर होऊन बसून सराव घेतला. ती मुद्दाम हळू लिहायची.

मला ड्रॉईंग वाचता येतं. तीन बाजूंनी काढलेला जॉब, म्हणजे बनवायचा पार्ट, डोळ्यांसमोर फिरवता येतो. सुपरवायझर नवीन पोरांना माझ्याकडे पाठवतात. मिक्सरच्या स्क्रूचं वाचलं आणि म्हटलं उत्तर द्यायलाच पाहिजे. त्याला वस्तू खोलू द्या. वाचन कच्चं म्हणून खेळ बंद, खोलणं बंद असं करू नका. माझं केलं होतं, सहावीत वर्षभर. तेव्हा मला मी कशातच चांगला नाही असं वाटायचं.

आणि ढ चं. मलापण म्हणायचे. त्याला खरं सांगा. तुझा मेंदू अक्षरं वेगळ्या रस्त्याने आणतो, त्याला वेळ लागतो, आणि याला नाव आहे. मला नाव कळलं त्या रात्री मी खूप रडलो होतो आणि खूप बरं वाटलं होतं.


सिन्नरफाटा | शुक्रवार, सकाळी ८.१५

रात्री तपोवन आजोबांचं आणि या मुलाचं दोन्ही वाचलं. पुतण्याच्या थेरपीच्या बाईंना आज नोंदणी क्रमांक विचारणार आहे. वहिनीला हा धागा दाखवतो.


गोदाई | दहा आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ४.३०

उशीर झाला, पण कळवायचं होतं.

कान, डोळे व्यवस्थित आहेत. त्र्यंबक रोडला सिव्हिलला चार खेपा झाल्या. एकदा रांगेत पाच तास गेले आणि त्या दिवशी डॉक्टरच नव्हते. सोबत पोळी-भाजी आणि बुद्धिबळ न्यायला शिकलो. मानसशास्त्रज्ञांनी बुद्ध्यांकाची चाचणी घेतली, चांगला आलाय. मुलाचे बाबा तो कागद घेऊन गच्चीवर गेले होते, बराच वेळ वर होते. खाली आल्यावर म्हणाले, पुढच्या तारखेला मी रजा टाकतो. वाचन-लेखनाच्या चाचण्या झाल्या, डिस्लेक्सिया (वाचनातली अध्ययन अक्षमता) आहे असं सांगितलंय. प्रमाणपत्र यायचंय.

वर्गबाईंकडे गेले तेव्हा पाटीपेन्सिलताईंचं वेलांटीचं लिहिलेलं दाखवलं. मी मनात बरंच काही बोलायचं ठरवून गेले होते. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि त्याची वही मागवली. मग म्हणाल्या, "एवढी वर्षं शिकवते, हे असं मला कोणी दाखवलं नव्हतं." आता त्याला सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावत नाहीत. चाचणीत प्रश्न त्या वाचून दाखवतात. परिसर अभ्यासात वीसपैकी सोळा आले. मराठीत अजून सातच आहेत, आणि शेजारच्या वर्गातली मुलं अजून चिडवतात. ते थांबलेलं नाही.

सासूबाईंनी काड्यांचे गठ्ठे करायचं काम स्वतःकडे घेतलंय. त्या म्हणाल्या, आजोबा पोथी वाचताना बोट ठेवून नुसतं पाठ म्हणायचे, पान उलटायची वेळ चुकायची.

अंबडच्या दादाने सांगितलं तसं मी मुलाला खरं सांगितलं. त्याने विचारलं, मिक्सर उघडताना डोकं पटपट चालतं तेही त्यामुळेच का? मी म्हटलं, ते मला माहीत नाही, पण ते तुझंच आहे.

काल शालीमारला बसची वाट बघत होतो. सिटीलिंक आली, त्याने पाटीवर बोट रोखलं. "न... नाही, वेलांटी आधी दिसते, पण न ची आहे. नि. मा." तेवढ्यात बस निघून गेली. आम्हाला त्या बसने जायचंच नव्हतं, पण तो म्हणाला थांबूया. वीस मिनिटं थांबलो. पुढची आली तीही निमाणी स्टँडचीच. ती वळायच्या आत त्याने वाचली होती.